घाई होते ती माथ्यावर

पन्नाशीच्या आसपास गोल्फकडे वळलेल्या गृहस्थाची तक्रार बहुधा एकच असते. ड्रायव्हिंग रेंजवर चेंडूविना क्लब फिरवताना सारे सुरळीत चालते. हात सैल राहतात, मान स्थिर राहते, शेवटी तोल सांभाळून उभे राहणेही जमते. समोर चेंडू ठेवला की मात्र तेच शरीर परके होते. क्लब वर जातो तोवर ठीक. तेथून खाली येताना काहीतरी बिनसते आणि चेंडू उजवीकडे वळत वळत झाडीत जातो, किंवा क्लबचे पाते चेंडूच्या आधीच जमिनीत रुतते. प्रशिक्षक म्हणतो, "साहेब, घाई करू नका." साहेब पुढच्या वेळी क्लब अधिकच सावकाश वर नेतात, आणि पुन्हा तेच घडते. दोन-तीन महिन्यांनी ते नवा ड्रायव्हर विकत घेतात. त्यानेही फरक पडत नाही.

पुण्यात येरवड्याच्या आणि मुंबईत चेंबूरच्या मैदानावर सकाळच्या वेळी व्यापारी मंडळी आता नवलाईची राहिलेली नाहीत. (नाशिककरांना मात्र 'गोल्फ क्लब' म्हटले की क्रिकेटचे मैदानच आठवते, ही निराळी गंमत.) व्यवहारातील ओळखीपाळखी वाढाव्यात, मोकळ्या हवेत चालणे व्हावे, दुकानाच्या कटकटीतून दोन घटका सुटका मिळावी, असे हेतू घेऊन माणूस येथे येतो. हेतू चांगले आहेत. परंतु तीस वर्षे गादीवर किंवा खुर्चीत बसलेले शरीर या खेळात एकदम पिळले जाते, आणि त्याची किंमत कंबर मोजते. हौशी गोल्फ खेळाडूंच्या दुखण्यांत कंबरेचे दुखणे अग्रभागी आहे. मनगट आणि कोपर यांचा क्रम त्याच्या आसपासच येतो. चेंडू झाडीत गेला तर दुसरा मिळतो. कंबर एकदा धरली की दुकानाची पायरी चढणेही नकोसे होते. म्हणून स्विंगमधील शरीराची ठेवण आणि वेळ हा विषय केवळ गुणसंख्येचा नव्हे.

प्रथम काळाचा हिशेब पाहू. क्लबचे पाते आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श साधारणतः सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका टिकतो. चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, पाच तोळ्यांच्या दागिन्याचेही वजन त्याहून जास्त भरेल. एवढ्याशा वस्तूला एवढ्याशा वेळात जे काही द्यायचे ते द्यावे लागते. क्लब माथ्यावरून चेंडूपर्यंत खाली यायला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. माणसाला काही जाणवून त्यावर स्नायूंनी प्रतिसाद द्यायला सुमारे एक-पंचमांश सेकंद जातो. याचा अर्थ उघड आहे. क्लब खाली निघाल्यावर 'अरे, चुकते आहे' असे जाणवून काही सुधारण्याइतकी सवडच शिल्लक नसते. जे काही ठरते ते उभे राहण्याच्या पद्धतीत आणि माथ्यावरच्या त्या वळणात ठरून गेलेले असते. खाली येताना केलेला प्रत्येक शहाणपणा उशिरा पोहोचतो.

म्हणून आरंभ पवित्र्यापासून. कुस्तीच्या आखाड्यातून आलेला हा शब्द गोल्फच्या उभे राहण्याला अगदी चपखल बसतो. जैन वाचकांना या पवित्र्याची एक बाजू समजावून सांगण्याची गरज नाही. कुंभोजच्या बाहुबलींची मूर्ती ज्याने डोळे भरून पाहिली आहे, त्याने खांद्यांपासून सुटलेले हात कसे दिसतात हे पाहिलेलेच आहे. हात शरीराला चिकटवलेले नाहीत, ताणलेले नाहीत, उचललेले नाहीत. ते केवळ लोंबत आहेत. कायोत्सर्गाच्या जिनमुद्रेत दोन्ही पावलांत पुढे चार अंगुळांचे आणि मागे त्याहून किंचित कमी अंतर ठेवतात, म्हणजे चवडे अल्पसे बाहेर वळतात आणि भार दोन्ही पायांवर सारखा पडतो. कायोत्सर्ग ही देहाचे ममत्व सोडण्याची साधना आहे आणि गोल्फ हा खेळ आहे; तुलना शरीराच्या ठेवणीपलीकडे नेणे अनुचित होईल. तथापि खांदे सोडून देऊन निश्चल उभे राहण्याची ज्याला सवय आहे, त्याला प्रशिक्षकाचा अर्धा पाठ आधीच येत असतो, हे खरे.

उरलेला अर्धा पाठ वाकण्याचा. चेंडू जमिनीवर असल्यामुळे वाकणे भाग आहे. प्रश्न एवढाच की कोठून वाकायचे. बहुतेक गृहस्थ पोटाजवळून वाकतात, म्हणजे पाठीला कमान येते, खांदे पुढे गोळा होतात आणि हनुवटी छातीला टेकते. वहीत डोके घालून बसण्याचीच ही मुद्रा उभ्याने झालेली असते. वाकायला हवे ते मांडीच्या सांध्यांतून, जेथे मांडीचे हाड कटिभागाला मिळते तेथून. भिंतीकडे पाठ करून, टाचांपासून भिंत वीतभर दूर ठेवून उभे राहावे आणि गुडघे फारसे न वाकवता नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवावेत. धड आपोआप पुढे झुकते, पाठ सरळ राहते. कापड दुकानातील लोखंडी मीटरपट्टी येथे उत्तम उपयोगी पडते. घरातल्या कोणीतरी ती पाठीवर उभी धरावी. डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. पोटातून वाकलेल्या माणसाच्या पाठीवर ती मधेच टेकते आणि दोन्ही टोके हवेत राहतात.

ही तपासणी केवळ दिसण्यासाठी नाही. कंबरेचे पाच मणके पुढे-मागे वाकण्यासाठी बनलेले आहेत. वळण्याची त्यांची क्षमता अत्यल्प आहे. वळण्याचे काम त्यांच्या वरच्या, बरगड्यांशी जोडलेल्या बारा मणक्यांचे आणि खालच्या मांडीच्या सांध्यांचे. पाठीला कमान आली की वरचे मणके जखडतात. मांडीचे सांधे बसून बसून आखडलेले असतातच. मग क्लब मागे नेताना लागणारे सारे वळण ज्यांच्याकडे ते नाही त्या पाच मणक्यांकडून वसूल केले जाते. कंबरदुखीचे मूळ पुष्कळदा या वसुलीत असते.

येथे आपल्या घरांतली एक विशेष गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गादीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाचे मांडीचे सांधे बाहेरच्या बाजूला छान वळतात. गोल्फला मात्र उलट वळण हवे असते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब मागे जाताना कटिभाग उजव्या मांडीवर आतल्या बाजूने वळतो, आणि पुढे येताना डाव्या मांडीवर. मांडी घालून बसल्याने हे आतले वळण मिळत नाही. खुर्चीत बसणाऱ्याचे दोन्हीही जाते. परदेशी पुस्तकातील चित्र पाहून उजवे पाऊल अगदी काटकोनात ठेवणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला म्हणूनच पुरेसे मागे वळता येत नाही. त्याने उजवा चवडा थोडा बाहेर वळवावा, डावा त्याहून थोडा अधिक, आणि क्लब मागे जाताना डावी टाच जमिनीवरून जराशी उचलू द्यावी. टाच उचलणे हा दोष आहे असे हल्लीचे तरुण प्रशिक्षक कधीकधी सांगतात. बॉबी जोन्सची टाच उचलली जात होती आणि जॅक निकलॉसचीही. एवढी साक्ष पुरे व्हावी.

हातांविषयी थोडेच सांगायचे. ते खांद्यांपासून लोंबत असताना जेथे येतील तेथेच क्लब धरावा. मांडी आणि मुठी यांत वीतभर अंतर राहते. उजवा हात खाली असल्यामुळे उजवा खांदा किंचित खाली येतो. तो मुद्दाम वर ओढू नये. पकड किती घट्ट असावी याविषयी अमेरिकेच्या सॅम स्नीडच्या नावावर सांगितली जाणारी उपमा अहिंसेच्या घरात विशेष शोभेल: तळहातात लहान पाखरू आहे असे समजावे, ते उडून जाऊ नये आणि त्याला इजाही होऊ नये.

पवित्रा साधला, तरी घाईचा प्रश्न उरतोच. तो सोडवताना गोल्फच्या इतिहासातील दोन शिक्षक परस्परविरुद्ध गोष्टी सांगतात, आणि दोघांच्याही सांगण्यामागे मोडलेले शरीर आहे.

बेन होगन हा अमेरिकेचा खेळाडू १९४९ च्या फेब्रुवारीत मोटारीतून जात असताना समोरून येणाऱ्या बसवर आदळला. कटिभागाचे हाड, गळ्याजवळचे हाड, घोटा, बरगडी अशी हाडे मोडली. पुन्हा चालता येईल की नाही याचीच शंका होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये, पाय पट्ट्यांनी आवळून, त्याने मेरियन येथे अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. १९५७ साली त्याने पाच पाठांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले, जे आजही प्रशिक्षकांच्या कपाटात आढळते. त्यातील प्रतिपादन असे की क्लब खाली आणण्याचा आरंभ हातांनी करायचाच नाही. कटिभाग डावीकडे वळवून करायचा. चेंडूपासून खांद्यांपर्यंत तिरपी काच ठेवली आहे अशी कल्पना करावी आणि क्लब मागे नेताना ती फुटू देऊ नये, हेही त्याचेच चित्र. होगनचे गोल्फ म्हणजे भूमितीचे गोल्फ. प्रत्येक अवयवाला त्याची जागा ठरवून दिलेली.

अर्नेस्ट जोन्स हा इंग्लंडमधील चिझलहर्स्ट क्लबचा व्यावसायिक खेळाडू. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. बरा झाल्यावर कुबड्यांच्या आधाराने तो मैदानावर परतला, एका पायावर उभा राहून खेळला आणि त्याला आढळले की चेंडू पूर्वीसारखाच जातो आहे. त्याने निष्कर्ष काढला की पाय, कंबर, खांदे यांच्या हालचाली वेगवेगळ्या शिकवण्यात अर्थ नाही. क्लबचे टोक झोक्यासारखे फिरले की शरीर त्याच्यामागे आपणहून येते. पुढे तो अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरील एका इमारतीत, चार भिंतींच्या आत, त्याने असंख्य लोकांना गोल्फ शिकवले. शिकवण्याचे साधन होते एक हातरुमाल आणि त्याच्या टोकाला बांधलेला खिशातला चाकू. रुमालाचे दुसरे टोक धरून चाकू मागे-पुढे झुलवायचा. हात घाईने ओढला की रुमाल सैल पडतो आणि चाकू भलतीकडे जातो. हात झोक्याबरोबर राहिला की रुमाल शेवटपर्यंत ताठ राहतो. त्याची शिष्या व्हर्जिनिया व्हॅन वाय हिने १९३२ ते १९३४ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेची महिला हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली.

एक म्हणतो कंबरेपासून आरंभ करा, दुसरा म्हणतो कंबरेचे नावही काढू नका. या दोन मतांवरून गोल्फच्या जगात वर्षानुवर्षे वाद चालले आहेत. पन्नाशीच्या गृहस्थाला मात्र या वादात बाजू घेण्याचे कारण नाही, कारण दोघांचे बोलणे दोन वेगवेगळ्या क्षणांविषयी उपयोगी आहे. चेंडूपुढे उभे असताना शरीर स्थिर असते, विचाराला सवड असते. तेथे होगनची शिस्त घ्यावी. क्लब हलू लागला की विचाराला सवड राहत नाही; तेथे जोन्सचा रुमाल घ्यावा. बहुतेक लोक नेमके उलट करतात. उभे राहताना बेफिकीर असतात आणि क्लब फिरत असताना कोपर, गुडघा, मान, मनगट यांना एकामागून एक हुकूम सोडत राहतात.

आता माथ्यावर काय घडते ते पाहू. घरातल्या झोपाळ्यावर लहान मूल बसले आहे आणि वडीलधारे माणूस मागून झोका देते आहे. झोका मागे येतो, क्षणभर थांबल्यासारखा होतो, मग पुढे जाऊ लागतो. त्या वेळी हात लावला की अल्प बळाने उंच जातो. झोका अजून मागे येत असतानाच ढकलला तर पाटाला हिसका बसतो आणि देणाऱ्याच्या मनगटाला कळ लागते. गोल्फमधली घाई ती हीच. क्लब अजून मागेच जात आहे, आणि हात व उजवा खांदा त्याला चेंडूकडे ढकलू लागतात. क्लब बाहेरच्या बाजूने फेकला जातो, चेंडूला आडवा छेद बसतो आणि तो उजवीकडे वळतो.

मग माथ्यावर सारेच थांबवायचे का? नाही, आणि येथेच हौशी माणसाची गल्लत होते. थांबल्यासारखे होतात ते हात. पायांचे काम त्याआधीच सुरू झालेले असते. नदीच्या पाण्यावर चपटा दगड टप्पे घेत जावा म्हणून फेकणारे मूल पाहावे. दगडाचा हात अजून मागे असताना त्याचे पुढचे पाऊल जमिनीवर पडलेले असते. त्याला हे कोणी शिकवलेले नसते. चांगल्या खेळाडूच्या स्विंगमध्येही क्लब माथ्यावर पोहोचण्याच्या किंचित आधीच भार डाव्या पावलाकडे सरकू लागतो. त्यानंतर कटिभाग वळतो, मग छाती, मग डावा हात, आणि सर्वांत शेवटी क्लब. प्रत्येक भाग वेग घेतो, मंदावतो, आणि त्याचा वेग पुढच्याकडे जातो. इंग्लंडमध्ये अॅलस्टेअर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या शास्त्रीय ग्रंथात स्विंगचे वर्णन एकाला एक जोडलेल्या दोन लंबकांसारखे केले आहे. वरचा लंबक म्हणजे हात, खालचा म्हणजे क्लब, आणि मधली बिजागरी म्हणजे मनगट. वरचा मंदावतो तेव्हा खालचा उसळून पुढे जातो.

हे समजायला ग्रंथाची आवश्यकता नाही. ओला पंचा झटकताना फटका हातात वाजत नाही, पंचाच्या टोकाला वाजतो. आणि तो वाजतो हात थबकल्यानंतर. कापडाच्या दुकानात ग्राहकापुढे साडी उलगडून फेकणारा जुना गुमास्ता हेच करतो. त्याचा हात वीतभर जाऊन थांबतो आणि कापड पाच वार पुढे सरकते. नवशिका नोकर हाताने कापड ढकलत नेतो आणि ते निम्म्यावर गोळा होऊन पडते. ज्या सद्गृहस्थांनी आयुष्यभर गादीवर साड्या उलगडल्या, त्यांनी माथ्यावरची घाई चेंबूरच्या मैदानावर येऊन करावी, हे नवलच म्हणायचे.

वेळेचे मोजमापही झालेले आहे. जॉन नोव्होसेल या अमेरिकी गृहस्थाने नामवंत खेळाडूंच्या चित्रफिती एकेक चित्र पुढे सरकवत पाहिल्या. एका सेकंदात ३० चित्रे अशा फितीवर कोणाचा क्लब २४ चित्रांत वर जाई आणि ८ चित्रांत चेंडूवर येई. कोणाचा २७ आणि ९. कोणाचा २१ आणि ७. कोणी जलद, कोणी संथ, परंतु प्रमाण सर्वत्र तीनास एक. हे त्याने २००४ च्या पुस्तकात मांडले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की हौशी खेळाडू क्लब मागे नेण्यात या नामवंतांपेक्षा जास्त वेळ घेताना आढळले. म्हणजे 'सावकाश, सावकाश' हा जो सल्ला मैदानावर सकाळपासून ऐकू येतो, तो रोगावरचे औषध नव्हे. क्लब फार हळू वर नेला की त्याची गती मरते, झोका मरतो, आणि मग तो पुन्हा जिवंत करण्यासाठी खांद्यांना हिसका द्यावाच लागतो. सावकाश नेलेल्या क्लबानंतरच सर्वांत मोठी घाई होते. तक्रार गतीची नसते, क्रमाची असते.

यासाठी मोजणीचा एक सोपा उपाय आहे. 'एक' म्हणताना क्लब हलू लागावा, 'चार' म्हणताना माथ्यावर असावा, 'पाच' म्हणताना चेंडूवर. एक ते चार यांत तीन अंतरे येतात आणि चार ते पाच यांत एक, म्हणजे तीनास एक हे प्रमाण आपोआप साधते. ही मोजणी एक-सव्वा सेकंदात संपली पाहिजे. गल्ल्यावर नोटा मोजणाऱ्याची जी गती, साधारण तीच. आरंभी ती फार जलद वाटेल. परंतु आठ-दहा वेळा केल्यावर ध्यानात येते की हातांना माथ्यावर काही करायला सवडच मिळत नाही, आणि म्हणूनच ते गप्प बसतात.

झाले की नाही हे कसे ओळखायचे? चेंडू कोठे गेला यावरून ओळखू नये. चुकीच्या क्रमानेही एखादा चेंडू सरळ जातो आणि माणसाला फसवतो. शेवटी उभे कसे राहिलो ते पाहावे. सारा भार डाव्या पायावर, उजव्या पायाचा केवळ अंगठा जमिनीला, बेंबी लक्ष्याकडे, आणि या स्थितीत तीन आकडे मोजेपर्यंत न डगमगता उभे राहता येणे. जो मागे रेलून उजव्या पायावर थांबला आहे, त्याचे हात आधी धावले होते आणि कंबर मागे राहिली होती, असे निश्चित समजावे. असे रेलून थांबताना कंबरेचे मणके एकाच वेळी मागे वाकतात आणि पिळलेही जातात. पहिल्या दिवशी ते कळत नाही. दोन-तीन महिन्यांनी सकाळी मोजे घालताना कळते.

सकाळचा विषय निघालाच आहे तर, मैदानावर पहाटेची वेळ सर्वांना हवी असते. ऊन नसते, दुकान उघडण्यापूर्वी परत येता येते. परंतु रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकणे-पिळणे त्यांना सर्वांत जड जाते. अंथरुणातून उठून मोटारीत आणि मोटारीतून थेट पहिल्या टीवर जाणे म्हणून टाळावे. दहा-पंधरा मिनिटे चालावे, भिंतीशी नितंब टेकवण्याचा पवित्रा आठ-दहा वेळा करावा, आणि मग लहान क्लबने अर्धे झोके घ्यावेत. कंबरेतून पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या असतील, तर मोजणी आणि मीटरपट्टी दोन्ही बाजूला ठेवून आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

या अभ्यासाला हिरवळ लागतेच असे नाही. चातुर्मासात हिरव्या वनस्पतीवर पाऊल टाकणे ज्या कुटुंबांत टाळतात, तेथील खेळाडू या चार महिन्यांत सराव बुडाला म्हणून खंतावतात. वास्तविक क्रम बसवण्याला हाच काळ योग्य. जोन्सने आपल्या शिष्यांना बंद खोलीतच घडवले. दिवाणखान्यात जाजम अंथरावे, छताचा पंखा आणि मुले यांच्यापासून दूर उभे राहावे, आणि चाकूऐवजी रुमालाच्या टोकाला कुलूप बांधावे. सामायिकाची दोन घटका वेळ ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना रोज वीस मिनिटे जड नाहीत. चेंडू नसल्यामुळे तो कोठे गेला हे पाहण्याचा मोहही नाही. आणि पुष्कळांची घाई त्या मोहातूनच येते.

साहित्य घेताना एक सावधगिरी. गोल्फचा मोजा म्हणून दुकानदार जो प्रथम पुढे करतो, तो बहुधा कॅब्रेटा चामड्याचा असतो, म्हणजे मेंढीच्या कातड्याचा. कृत्रिम धाग्याचे मोजे आणि बूट सर्वत्र मिळतात, घामाने लवकर कडकही होत नाहीत. मात्र ते मागून घ्यावे लागतात. चेंडूविषयी आता शंका नको. पिसे भरलेले कातडी चेंडू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाडाच्या चिकापासून बनवलेल्या गटापर्चाच्या चेंडूंनी हटवले, आणि आजचे चेंडू रबर व प्लॅस्टिकचे असतात.

त्या मोज्याचा आणखी एक उपयोग आहे. महिना-दोन महिने वापरल्यावर तो उजेडात धरून पाहावा. तळहाताच्या खालच्या बाजूला, मनगटाजवळच्या मांसल भागावर तो झिजून विरला असेल, तर माथ्यावर मूठ सुटून पुन्हा आवळली जात आहे, म्हणजे हात तेथे अजूनही काहीतरी करू पाहत आहेत. झीज सर्वत्र सारखी असेल, तर नवा ड्रायव्हर घेण्याचा विचार करायला हरकत नाही.